जाळ्यावर उभे राहून जाळे सांभाळताना



 अध्यक्षपदावरून नेटवर्क चालती ठेवण्याच्या आपल्या व्यवसायाचा सर्वांगीण आढावा घेण्याची रीत आहे. ती बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण तो आपल्या रोजच्या कामाच्या मुळाशी आहे आणि त्यावर पुरेशी चर्चा होत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत एकेका राउटरवर लॉगिन करायचे आणि कमांड टाइप करायच्या, हीच बहुतेक ठिकाणची पद्धत होती. आता नेटवर्क कसे असायला हवे याची नोंद एका डेटाबेसमध्ये राहते. डिजिटलओशनमध्ये तयार झालेले नेटबॉक्स २०१६ साली सर्वांसाठी खुले झाले, २०२१ मध्ये त्यातूनच नॉटोबॉटची वेगळी शाखा निघाली. नोंदीप्रमाणे उपकरणांवर बदल पोचवायला एडब्ल्यूएक्ससारखे सॉफ्टवेअर आले. ही मंडळी आता बऱ्याच ठिकाणी कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या क्लस्टरवर राहायला गेली आहेत. २०२१ मधल्या अठराव्या आवृत्तीपासून एडब्ल्यूएक्स बसवण्याची पसंतीची वाट कुबरनेटिसवरचा ऑपरेटर हीच आहे. म्हणजे क्लस्टर हवा की नको, हा निर्णय आपल्यातल्या अनेकांसाठी सॉफ्टवेअरनेच घेऊन टाकला. हेल्म चार्ट कोणता, पॉडच्या प्रती किती, यावर आपण खूप वेळ देतो. माझे म्हणणे असे की त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा. नोंद ठेवणारा आणि बदल पोचवणारा हा प्लॅटफॉर्म जे नेटवर्क दुरुस्त करतो, त्याच नेटवर्कवर तो स्वतः उभा आहे. ते नेटवर्क पूर्ण पडलेले असताना तो शून्यातून कसा उभा राहील, हे ज्याने करून पाहिलेले नाही, त्याची उभारणी माझ्या लेखी अपुरी आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. २ जून २०१९ रोजी गूगलच्या अमेरिकेतल्या सेवा कित्येक तास रखडल्या. त्या घटनेचा गूगलने प्रसिद्ध केलेला अहवाल आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे, कारण त्यातला दोष नेमका आपल्या विषयातला आहे. गूगलच्या नेटवर्कचे नियंत्रण करणारे प्रोग्राम क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाताखाली चालत होते. देखभालीचे काम निघाले तर हे प्रोग्राम थांबवावेत, अशी त्यांची मांडणी होती. ज्या क्लस्टरांवर ते चालत होते, ते एका क्वचित होणाऱ्या देखभालीच्या यादीत बसत होते. आणि देखभाल सुरू करणाऱ्या स्वयंचलित सॉफ्टवेअरमध्ये असा दोष होता, की वेगवेगळ्या ठिकाणचे स्वतंत्र क्लस्टरही ते एकाच वेळी थांबवू शकत होते. पहिल्या दोन गोष्टी एरवी निरुपद्रवी होत्या; तिसरी येऊन मिळाली आणि नियंत्रणच उतरले. नियंत्रण गेल्यावरही नेटवर्क काही मिनिटे शेवटच्या स्थितीत चालत राहील अशी सोय होती आणि ती चाललीही. मग त्या ठिकाणांमधले बीजीपी मार्ग मागे घेतले गेले, वाहतुकीची क्षमता घटली आणि उरलेल्या वाटा तुंबल्या. यूट्यूबवर जगभरात पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंची संख्या १० टक्क्यांनी घसरली, क्लाउड स्टोरेजवरची वाहतूक ३० टक्क्यांनी. अभियंत्यांना दोन मिनिटांत इशारा मिळाला होता. तरीही दुरुस्ती लांबली, कारण शोध घेण्याची साधने त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून धावत होती. कारण सापडल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली: कॉन्फिगरेशनची माहितीच नष्ट झाली होती, ती नव्याने तयार करून पुन्हा सगळीकडे पोचवावी लागली. गूगलकडे माणसांची किंवा पैशाची वानवा नव्हती. तिथे जे घडले ते रचनेमुळे घडले आणि तीच रचना आपण लहान प्रमाणावर रोज उभारतो आहोत.

कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे ८ जुलै २०२२ चे उदाहरण कंटेनरचे नाही. पण धडा तोच आहे आणि अधिक कठोर आहे. सात टप्प्यांच्या सुधारणेतल्या सहाव्या टप्प्यात वितरण राउटरवरची एक गाळणी काढली गेली. मार्गांच्या नोंदींचा लोंढा गाभ्याच्या राउटरवर आला आणि ते कोसळले. मोबाइल आणि तारेचे इंटरनेट दोन्ही एकाच गाभ्यावर असल्यामुळे एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद झाली. आपत्कालीन ९११ चे फोन आणि दुकानांतले इंटरॅक व्यवहार त्यात अडकले. कंपनीचे व्यवस्थापनाचे नेटवर्कही त्याच गाभ्यावर अवलंबून होते, त्यामुळे अभियंते उपकरणांपर्यंत पोचू शकेनात. कर्मचाऱ्यांचे फोनही कंपनीचेच असल्यामुळे एकमेकांशी बोलणेही अवघड झाले. लॉग हाती नव्हते, म्हणून मूळ कारण समजायला सुमारे १४ तास लागले. कॅनडाच्या नियामकाने करवून घेतलेल्या परीक्षणात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. हा बदल सुरुवातीला जास्त जोखमीचा धरला होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे जोखीम ठरवणाऱ्या पद्धतीने त्याची श्रेणी खाली आणली. आधीचे यश पुढच्या कामाची हमी मानले गेले. स्वयंचलन वापरणाऱ्या कोणालाही हा मोह होतो.

आता क्लस्टरकडे वळू. एखाद्या सर्व्हरवर प्लॅटफॉर्म बसवला तर त्याची अवलंबने मोजकी असतात. क्लस्टरवर तीच साखळी लांबते आणि दिसेनाशी होते. नोड मेला, पॉड दुसरीकडे सुरू व्हायचा. पण त्याची इमेज तिथे नसेल तर ती रजिस्ट्रीतून आणावी लागते, रजिस्ट्री नेटवर्कच्या पलीकडे असते. पॉडला डेटाबेसचे नाव सोडवायला क्लस्टरचे डीएनएस लागते. वापरकर्त्याच्या लॉगिनला कंपनीची ओळख-प्रणाली लागते, उपकरणांचे पासवर्ड तिजोरीच्या सेवेतून येतात, डेटाबेसची डिस्क नेटवर्कवरच्या स्टोरेजवर असते. क्लस्टरची सगळी स्थिती ज्यात नोंदलेली असते त्या ईटीसीडीला निर्णयासाठी बहुमत लागते: तीन सदस्यांत एक गेला तर चालते, दोन गेले तर लिहिणे थांबते. आणि पॉडांमधले नेटवर्क हेही सॉफ्टवेअरच असते. रेडिटची सेवा १४ मार्च २०२३ रोजी ३१४ मिनिटे बंद पडली ती यातूनच. क्लस्टर कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेताना नोडवरचे ‘मास्टर’ हे जुने लेबल निघून गेले. कॅलिको या नेटवर्क-सॉफ्टवेअरचे मार्ग-परावर्तक नेमके ते लेबल पाहून आपले नोड निवडत होते. लेबल गेले, परावर्तकांना नोड उरले नाहीत, पॉडांमधले मार्ग पुसले गेले. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने आधार मिळतो, त्यामुळे अशी स्थलांतरे आपल्याला टाळता येणार नाहीत. वीजक्षेत्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. ग्रिड पूर्ण अंधारात गेल्यावर बाहेरून वीज न घेता सुरू होऊ शकतील अशी केंद्रे, बहुधा जलविद्युत, आधीच ठरवलेली असतात आणि कोणत्या क्रमाने कोणाला जागे करायचे ते लिहून ठेवलेले असते. आपल्याकडे रजिस्ट्री आधी की डीएनएस आधी, तिजोरी आधी की डेटाबेस आधी, हा क्रम किती संस्थांनी कागदावर मांडला आहे?

या लांब साखळीखाली दोन स्वभावांचा विसंवादही आहे. कुबरनेटिसच्या दृष्टीने पॉड बदलण्याजोगा आहे. एक गेला तर दुसरा. राउटर तसा नाही. पॉड हलवायचा झाला की त्याला थांबण्याचा संकेत मिळतो आणि मुद्दाम बदलले नसेल तर ३० सेकंदांनी तो जबरदस्तीने संपवला जातो. त्या पॉडमधला कामगार दोनशे स्विचांवर बदल पाठवत असेल आणि एकशेदहाव्यावर असेल, तर नेटवर्क अर्धे जुने आणि अर्धे नवे राहते. वेबसाइटला ३० सेकंद पुष्कळ झाले. संथ दुव्यापलीकडच्या जुन्या स्विचला ते पुरत नाहीत. कामांच्या रांगेसाठी सेलरी आणि रेडिस ही जोडी वापरणाऱ्यांसाठी दुसरा सापळा आहे. काम संपल्यावरच पोच देण्याची मांडणी असेल, तर रेडिस मूळ मांडणीत एक तास वाट पाहतो आणि पोच आली नाही की तेच काम दुसऱ्या कामगाराकडे देतो. तासाहून लांब चालणारे काम त्यामुळे दोनदा सुरू होऊ शकते. जुन्या काळच्या उपकरणांनी यावर चांगला उपाय ठेवला होता. ज्युनिपरच्या राउटरवर बदल ‘पुष्टीच्या अटीवर’ लागू करता येतो. दहा मिनिटांत पुष्टी मिळाली नाही तर राउटर आपणहून आधीच्या कॉन्फिगरेशनवर परततो. बदल पाठवणारा मेला तरी बिघाड टिकत नाही. क्लस्टरवरून चालणाऱ्या प्रत्येक प्लॅटफॉर्मने हीच सवय लावून घ्यावी असे मी ठामपणे म्हणेन: पाठवणारा मधेच नाहीसा होणार हे गृहीत धरून बदल लिहावा. पत्त्यांचा प्रश्नही असाच दुर्लक्षिला जातो. पॉड नोड बदलतो तसा बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, मग राउटरवरच्या परवानगीच्या यादीत एकदोन पत्त्यांऐवजी अख्खा सबनेट घातला जातो. उलट दिशेने, उपकरणांकडून येणारे एसएनएमपी ट्रॅप क्लस्टरच्या दारातून आत येताना मूळ पत्ता हरवू शकतात आणि कोणत्या स्विचने हाक दिली तेच कळत नाही. बाहेर जाण्यासाठी ठरावीक पत्ता आणि आत येताना मूळ पत्ता जपणारी मांडणी, दोन्ही शक्य आहेत. पण पहिल्या दिवशी आठवणीने कराव्या लागतात.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे: मग क्लस्टर सोडा, एका व्हर्च्युअल मशीनवर बसवा. हा सल्ला मला मान्य नाही. एकटे मशीनही त्याच नेटवर्कवर असते, त्याची अवलंबने फक्त कमी असतात. आणि कित्येक वर्षे हातांनी सांभाळलेले मशीन पुन्हा जसेच्या तसे उभारणे बहुधा कोणालाच जमत नाही. क्लस्टरची खरी देणगी हीच आहे, की उभारणी पूर्ण लिहिलेली असते. शून्यातून उभे राहण्याला सर्वांत जवळची वाट तीच आहे, जर ते लिखाण आणि त्याला लागणाऱ्या इमेजेस नेटवर्कच्या अलीकडे असतील. दुसरा आक्षेप असा, की क्लस्टर स्वतःला बरे करतो, काळजी कसली? तो नोंदवलेल्या स्थितीकडे परततो, हे खरे. पण नोंदच चुकीची असेल तर तो त्या चुकीकडे तितक्याच इमानाने परततो. २०१९ च्या घटनेत थांबवा असे नोंदलेले होते, म्हणून थांबवले गेले.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो गंभीर आहे. व्यवस्थापनासाठी दुसरे संपूर्ण नेटवर्क उभारणे मोठ्या दूरसंचार कंपनीला परवडते. सहकारी बँक, महानगरपालिका किंवा विद्यापीठाला परवडत नाही. पण किमान सोय त्याहून खूपच स्वस्त आहे. मुख्य ठिकाणच्या राउटरांना कन्सोल सर्व्हर आणि त्याला दुसऱ्या दूरसंचार कंपनीचे सिम. डेटाबेसचा रोजचा डंप, गिटचा साठा, लागणाऱ्या इमेजेसच्या फायली आणि पासवर्डची सीलबंद प्रत, हे सगळे नेटवर्कबाहेरच्या एका लॅपटॉपवर. त्या लॅपटॉपवर एक-नोडचा क्लस्टर उभा राहतो आणि तेवढ्यावरून गाभ्याचे राउटर दुरुस्त करता येतात. मोठ्या संस्थांना मी याहून थोडे जास्त मागेन: प्लॅटफॉर्मचा क्लस्टर ग्राहकांची कामे चालणाऱ्या क्लस्टरपासून वेगळा असावा आणि एकाच वेळी दोन्ही क्लस्टरांची देखभाल कोणत्याही सॉफ्टवेअरला करता येऊ नये.

चौथा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो बरोबरच आहे: हाताने काम करणारा माणूस यंत्रापेक्षा जास्त चुका करतो. म्हणून मी हाताच्या कामाकडे परत चला असे म्हणत नाही. मात्र ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद होती, तेव्हा धोक्याची कमांड अडवायला ठेवलेले तपासणीचे साधनच चुकले होते आणि शेवटी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये जाऊन उपकरणांपाशी उभे राहावे लागले. पुण्या-मुंबईत बसून दुसऱ्या खंडावरचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी यात विशेष काळजीची बाब आहे. हिंजवडीतून टोरांटोच्या राउटरपाशी जाऊन उभे राहता येत नाही. तिथे कोणाच्या हातात किल्ली आहे, त्याच्याशी कोणत्या फोनवरून बोलायचे, तो कन्सोलची तार कुठे लावेल, हे आपल्या पाळीतल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. आणि कन्सोलवर बसून दहा ओळी टाइप करण्याचे कौशल्य नव्या मुलामुलींना शिकवणे आपण थांबवता कामा नये. प्लॅटफॉर्म उभा राहीपर्यंतचा अर्धा तास त्याच कौशल्यावर निघतो.

दुपारच्या सत्रात निविदांच्या नमुन्यावर चर्चा आहे. त्यात एक कलम घालावे, असा प्रस्ताव मी अध्यक्ष म्हणून मांडते. प्लॅटफॉर्म पुरवणाऱ्याने स्वीकृतीच्या चाचणीत इंटरनेट, अंतर्गत डीएनएस आणि रजिस्ट्री बंद ठेवून, रिकाम्या यंत्रांवरून, फक्त दिलेल्या प्रतींच्या आधारे प्लॅटफॉर्म उभारून दाखवावा, आणि त्यावरून एका तरी खऱ्या राउटरचे कॉन्फिगरेशन परत आणून दाखवावे. ही चाचणी ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या हाताने करावी, लागलेला वेळ नोंदवावा, आणि कुबरनेटिसच्या प्रत्येक मोठ्या स्थलांतरानंतर ती पुन्हा घ्यावी. देयकाचा शेवटचा हप्ता तिच्याशी जोडावा. शब्दयोजना, वेळेची मर्यादा, लहान संस्थांना द्यायची सवलत, यांवर मतभेद होतील. ते सत्रात खुलेपणाने व्हावेत, आणि मसुदा संध्याकाळपर्यंत कार्यवाहांकडे पोचावा.