शेवटच्या युनिटाचा हिशेब



नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना मौद्याच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. एनटीपीसीचं हे केंद्र २,३२० मेगावॉटचं, आणि त्याला पाणी मिळतं ते गोसेखुर्दचं, म्हणजे आपल्या वैनगंगेचं. तुमसरच्या पलीकडे गोंदिया जिल्ह्यात गेलं की तिरोड्याचं खासगी केंद्र लागतं, तेही ३,३०० मेगावॉटचं. अशा दोन प्रचंड केंद्रांच्या मधोमध आपला भंडारा जिल्हा आहे. पाणी आमचं, राख आमच्या वाट्याला, मग वीज आम्हाला स्वस्त का नाही, हा प्रश्न इथे प्रत्येक सभेत विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर असं की मौद्याची वीज अनेक राज्यांत वाटली जाते आणि महावितरणचा घरगुती दर राज्यभर एकच असतो. लाखांदूरच्या घराला जो दर, तोच लोणावळ्याच्या घराला. केंद्र शेजारी असल्याचा बिलावर काहीही परिणाम होत नाही.

अलीकडे आणखी एक प्रश्न ऐकू येतो, विशेषतः तरुणांकडून: मोबाइलचं सिम बदलतो तशी वीज कंपनी का बदलता येत नाही? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. वीज कायदा २००३ साली आला. त्याने वीजनिर्मिती परवान्यातून मोकळी केली आणि एकाच भागात एकापेक्षा जास्त वितरकांना परवाना देण्याची वाट उघडली. १ मेगावॉट किंवा त्याहून जास्त मागणी असलेल्या ग्राहकाला हव्या त्या ठिकाणाहून वीज विकत घेण्याची मुभाही मिळाली. पुढे २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. वरठीच्या पोलाद कारखान्याएवढा ग्राहक या बाजारात उतरू शकतो. खात रोडवरच्या दोन खोल्यांच्या घराला ते शक्य नाही. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महावितरण जन्माला आली. तेव्हापासून आपल्यासाठी बिलावरचं नाव बदललं, विक्रेता मात्र एकच राहिला.

घरगुती ग्राहकाला खरी निवड मिळाली ती मुंबईच्या उपनगरांत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार आहे असं ठरवलं. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य वीज नियामक आयोगाने तारा तिथल्या आधीच्या वितरक रिलायन्सच्या आणि वीज टाटांची अशी व्यवस्था मंजूर केली. लाखो ग्राहक टाटांकडे गेले, कारण त्यांची वीज स्वस्त होती. पुढे काय झालं ते नीट ऐका. जे गेले त्यांच्यावर तारा वापरण्याचा आकार होताच. मागे राहिलेल्यांचा बोजा भरून काढण्यासाठी अधिभारही लागला. कंपन्यांच्या दरांतलं अंतर कमी होत गेलं आणि बरेच ग्राहक परत फिरले. निवडीचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण तो टिकला ते थोडी वर्षंच, आणि मिळाला त्यांना, ज्यांनी दरपत्रक वाचलं होतं.

आपल्या जवळचा अनुभव नागपूरचा. शहराचा मोठा भाग २०११ ते २०१९ खासगी फ्रँचायझीकडे होता. दर मात्र आयोगाचाच होता, त्यामुळे बिलाच्या आकड्यात स्पर्धा अशी नव्हतीच. अलीकडच्या वर्षांत नागपूरसह काही शहरांसाठी खासगी कंपन्यांनी समांतर परवान्याचे अर्ज केले आणि त्याला वीज कर्मचाऱ्यांनी तीव्र विरोध केला. माझं मत स्पष्ट सांगतो. शहरातले जास्त वापराचे, वेळेवर भरणारे ग्राहक दुसरीकडे गेले, तर भंडारा-गडचिरोलीच्या लांब लांब लाइनींचा आणि शेतीपंपांचा खर्च कोणावर पडेल, हे आधी लिहून ठरलं पाहिजे. ते ठरल्याशिवाय स्पर्धेचं स्वागत करायला मी तयार नाही.

बाहेरचे अनुभवही हेच सांगतात. ब्रिटनमध्ये १९९८-९९ पर्यंत प्रत्येक घराला गॅस आणि वीज विक्रेता बदलण्याची मोकळीक मिळाली. तरी २०१९ मध्ये सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली, आणि २०२१ च्या दरवाढीत तिथले दोन डझनांहून जास्त विक्रेते बुडाले. टेक्सासमध्ये आपली कितीतरी मराठी मुलं राहतात. तिथे २००२ पासून मोकळा बाजार आहे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक दर युनिटला ९ डॉलरवर जाऊन बसला. ज्यांनी घाऊक दराशी जोडलेली योजना घेतली होती, त्यांना काही दिवसांत हजारो डॉलरची बिलं आली.

आपल्याकडे विक्रेता एकच आहे, हे मान्य करून आता घरात येऊ. बिल हातात घ्या आणि टप्पे पाहा. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात या टप्प्यांचा ऊर्जा आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार, इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण सांगाडा हाच असतो. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा ऊर्जा आकार दुपटीहून जास्त आहे, एवढं लक्षात ठेवा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. १०१ वं युनिट जळलं की सगळं बिल महाग दराने येतं, असं बऱ्याच घरांत समजतात. तसं नाही. पहिली १०० युनिटं स्वस्त दरानेच लागतात, वरची तेवढी महाग होतात. पण म्हणूनच बचत नेहमी महाग टोकाकडून होते. समजा एका घराचा वापर १८० युनिटांचा आहे. त्या दराने, इंधन समायोजन सोडून, बिल सुमारे १,९०० रुपये होतं. त्यातली ४० युनिटं वाचवली तर सुमारे ५३० रुपये कमी होतात. वापर २२ टक्के घटला, बिल २८ टक्के. वाचवलेलं प्रत्येक युनिट शुल्कासह १३ रुपयांहून जास्त किमतीचं होतं. तिसऱ्या टप्प्यातल्या घरासाठी तेच युनिट १८ रुपयांचं.

मग ही युनिटं जातात कुठे? त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ लिहिलेलं असतं की किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३,२०० असतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि फक्त कूलर चालू ठेवा. घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजा. ३,२०० च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे जवळपास १९ वॉट. १० वेळा लुकलुकला तर कूलर २०० वॉटच्या आत आहे. १६ वेळा लुकलुकला तर ३०० वॉट, म्हणजे मोटर जुनी झाली, बेअरिंग घासतंय किंवा कॅपॅसिटर गेला. आणि सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी झिरपतेय किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काही जोडलेलं आहे. हा प्रयोग नवतप्याच्या आधी प्रत्येक घराने करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कूलरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण विदर्भातल्या घराचं उन्हाळी बिल त्याच्यावरच ठरतं. २०० वॉटचा कूलर रोज १२ तास चालला तर महिन्याला ७२ युनिटं होतात. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर महिन्याला साधारण ३०० युनिटं, आणि त्यांतली बरीचशी तिसऱ्या टप्प्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत कूलर एसीच्या जवळपास आराम देतो, पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोली दमट होते, मग पंख्याचा वेग वाढवला जातो आणि शेवटी कूलरच कामाचा नाही असं ठरतं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतो. वाळ्याच्या ताट्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या आणि कडक होतात, मग त्यांतून हवा जात नाही. ताट्या दरवर्षी बदलण्याचा खर्च त्याच उन्हाळ्यात भरून निघतो.

पंख्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १६ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिटं वाचतात. दुसऱ्या टप्प्यातल्या घराला हे महिन्याचे २८० रुपये झाले. चारही पंखे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला, बहुतेक घरांत तो आजी-आजोबांच्या खोलीतला असतो. अर्ध्या अश्वशक्तीचा टिल्लू पंप रोज एक तास चालला तर ११ युनिटं खातो. टाकी भरून वाहत असताना पंप चालू राहणं हे भंडाऱ्यात रोज सकाळी दिसतं.

आता बिलातला हिशेब. रीडिंग मीटरशी जुळवून पाहा. घर बंद होतं म्हणून दोन-तीन महिने सरासरी बिल आलं आणि मग एकदम खरं रीडिंग लागलं, तर टप्प्यांचा लाभ त्या सगळ्या महिन्यांना वाटून मिळाला की नाही ते बघा. मिळाला नसेल तर लेखी तक्रार करा. आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल. यासाठी वकील लागत नाही. वेळेआधी भरण्याची सवलत, कागदी बिल नको असेल तर बिलामागे मिळणारे १० रुपये, या छोट्या गोष्टी आहेत, पण मागितल्याशिवाय त्या कोणी दारात आणून देत नाही. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत आणि त्या विचारल्याच पाहिजेत. ज्यांच्याकडे तो बसला आहे त्यांनी मात्र दिवसाच्या वापरावरची सवलत समजून घ्यावी आणि इस्त्री, पंप, धुण्याचं मशीन दुपारच्या वेळेकडे वळवावं.

गॅसकडे वळू. आपल्याकडे घरगुती गॅस म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर, आणि ते मुंबईपेक्षा इथे महाग पडतं. कंपनी किंवा वितरक बदलण्याची सोय २०१४ पासून देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहे. त्याने दर कमी होत नाही, तिन्ही सरकारी कंपन्यांचा भाव जवळपास सारखाच असतो. पण सेवा वाईट असेल तर वितरक बदला. सिलिंडर दारात आलं की वजन करून मागा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. हा तुमचा हक्क आहे.

इंडक्शन घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता पोचते, तेवढ्यासाठी इंडक्शनवर साधारण १२५ ते १३० युनिटं लागतात. सिलिंडर ९०० रुपयांचं धरलं, तर ज्या घराचा एकूण वापर १०० युनिटांच्या आतच राहतो तिथे दोन्ही जवळपास सारखे पडतात. दुसऱ्या टप्प्यात इंडक्शनचा खर्च सिलिंडरच्या जवळपास दुपटीवर जातो. म्हणून साध्या जोडणीवर पूर्ण स्वयंपाक विजेवर नेऊ नका.

आपण भात खाणारी माणसं आहोत. धान आपलं, भात दोन वेळचा. तांदूळ अर्धा तास भिजवून, मोजक्या पाण्यात, झाकण घालून शिजवला आणि उकळी आली की आच लहान केली, तर गॅस नक्की वाचतो. उकळलेलं पाणी मोठ्या आचेवर आणखी गरम होत नाही, फक्त वाफ उडते. मोहाडी-लाखनीच्या गावांत ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत, त्यांनी दोन घनमीटरच्या बायोगॅसचा विचार करावा. त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, आणि त्यातला एक घनमीटर वायू साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. छोट्या कुटुंबाची चूल त्यावर चालते, आणि जी स्लरी निघते ती धानाच्या बांधीत जाते.

छपरावरच्या सौर विजेबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिटं देतो. २५० युनिटं वापरणाऱ्या घराने हे जरूर करावं, आणि मग इंडक्शनही खुशाल वापरावं. ९० युनिटांच्या घराला कोणी ३ किलोवॉट विकायला आला, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. तुमचं वाचणारं युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यातलं आहे आणि उरलेल्या विजेला किरकोळ भाव मिळतो.

शेवटी दर ठरवण्याबद्दल. महावितरण दरवाढीचा प्रस्ताव आयोगाकडे देते, तो जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात आणि नागपुरातही जनसुनावणी होते. उद्योगांच्या संघटना तिथे तयारीनिशी येतात. घरगुती ग्राहक फारच थोडे असतात. हरकत मराठीत लिहिलेली चालते. पुढच्या सुनावणीत भंडाऱ्यातून दोन मुद्दे जावेत असं मला वाटतं: पहिला टप्पा १०० चा १५० करावा, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नाही, आणि वीज केंद्रांनी वेढलेल्या जिल्ह्यांचा वहन आकार वेगळा काढून दाखवावा. ज्यांनी आपली बिलं सोबत आणली आहेत, ते कार्यक्रमानंतर या टेबलापाशी थांबा. आपण एकेक बिल वाचू आणि हरकतीचा मसुदा आजच लिहायला घेऊ.