धुराडे थंडावल्यावर जमीन कोणाची?



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची आधुनिक ओळख साखर कारखान्याच्या धुराड्याभोवती घडली आहे. ब्रिटिश अमदानीत नीरा डाव्या कालव्याचे पाणी या अवर्षणाच्या पट्ट्यात आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. पुढे बारामतीला औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली. प्रत्येक वेळी जमिनीचा एक मोठा तुकडा कुंपणाआड गेला. त्यात गाडीतळ आला, वजनकाटा आला, गोदामे, मळीच्या टाक्या आणि कामगारांच्या चाळी आल्या. जमीन कुंपणात गेली याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण त्या बदल्यात गावाला काम मिळत होते.

परंतु कोणताही उद्योग अमर नसतो. यंत्रे जुनी होतात, कर्जे थकतात, बाजार हलतो. ज्या कामासाठी जमीन कुंपणाआड गेली ते काम संपले म्हणजे त्या जमिनीवर समाजाचा काही हक्क उरतो की नाही? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिले आहे, आणि ते किती महागात पडले हे मुंबईच्या गिरणगावात जाऊन पाहता येते.

मुंबईत अठ्ठावन्न कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धडपणे चालल्याच नाहीत. १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा असेल तर साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, जवळपास तेवढीच सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेली मालकाला, असे त्याचे सूत्र होते. सूत्र न्याय्य होते. परंतु जमीन द्यावी लागते म्हणून मालक पुढे येईनात. गिरण्या बंदच राहिल्या, कामगारांची देणी थकतच गेली. १९९६ साली शासनाने वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी ताब्यातील गिरण्यांच्या जमिनींचा विचार सुटासुटा न करता एकत्र करावा, म्हणजे लोकांना मोठ्या, सलग मोकळ्या जागा मिळतील, असा तिचा विचार होता. तो कागदावरच राहिला.

मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करावी, असे ठरले. बदल दोन-चार शब्दांचा होता. त्याचा अर्थ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पुरेसा आहे. पंधरा एकरांची एक गिरणी धरा. तिच्या बारा एकरांवर शेड, गोदामे व कचेऱ्या आहेत आणि तीन एकर मोकळे आहेत. मूळ नियमाने लोकांना मैदानासाठी पाच एकर मिळाले असते. दुरुस्तीनंतर एक एकर मिळतो. शेड पाडल्यावर मोकळे होणारे बारा एकर वाटणीत येतच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. दादरची कोहिनूर ४२१ कोटींना, तर मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे विचारावयाचा प्रश्न असा की, हे शेकडो कोटी कोणी निर्माण केले? ते गिरणीच्या मागांनी विणले नव्हते. आगगाडी, रस्ते, पाणी, आणि तीन पिढ्या तेथे राहून राबलेली माणसे यांच्यामुळे त्या मातीला ती किंमत आली होती. जमिनीची वाढलेली किंमत ही समाजाची कमाई आहे हा विचार रिकार्डोच्या खंडसिद्धांतातून निघतो आणि हेन्री जॉर्जने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठामपणे मांडला. ज्याने ती कमाई केली त्याने त्यातला मैदानापुरता तुकडा मागितला तर ती याचना ठरत नाही.

दुसरा मार्ग शक्य होता, याचे पुरावे मुंबईतच आहेत. दादरच्या इंदू मिलची सुमारे बारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली, ती जनतेने चिकाटीने मागितली म्हणून. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. १९८३ पासून तेथे झाडे लावली गेली आणि १९९४ साली सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. जर्मनीत डुइसबुर्ग येथील लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. त्याच्या भट्ट्या न पाडता त्यांच्याभोवती १९९४ मध्ये सार्वजनिक उद्यान सुरू झाले. ज्या कुंपणाआड बाप राबला तेथे नातवंडे खेळू लागली. उद्योगाची जमीन लोकांकडे येण्यात तांत्रिक अडचण नाही. दूषित मातीची तपासणी व शुद्धी आधी करावी लागते, इतकेच. आणि तो खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावयाचा असतो.

हा प्रश्न महानगरापुरता आहे असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातच, थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ पासून बंद पडला. त्याची सुमारे शंभर एकर जमीन पुण्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीला विकण्यास राज्य शासनाने २०२५ मध्ये मान्यता दिली. या व्यवहाराचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. लक्षात घेण्याजोगे हे की, चौदा वर्षांनी निर्णयाची वेळ आली तेव्हा कर्ज, देणी आणि किंमत हेच शब्द चर्चेत पुढे होते. सहकारी कारखाना बंद पडला म्हणजे बँक येते, मूल्यमापन होते, खरेदीदार येतो. त्या मेजाभोवती गावाची खुर्ची नसते.

बारामती-इंदापुरात काही जण म्हणतील, चहूकडे हिरवा ऊस असताना मैदान आणि बागा हव्यात कशाला? हा आक्षेप शेतमालकाचा आहे. उसाचे शेत हिरवे असले तरी ते खाजगी असते. भूमिहीन मजुराच्या मुलाला तेथे खेळता येत नाही, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला संध्याकाळी तेथे बसता येत नाही. हंगामात मराठवाड्यातून येणारी ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोप्या घालून राहतात. त्यांच्या मुलांचे अंगण म्हणजे गाडीतळाची धूळ. बारामती शहर वाढते आहे. नव्या अभिन्यासांत नियमाने दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, परंतु ती त्या वसाहतीतील रहिवाशांपुरती असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे तिच्यावर नाव नसते.

अधिक गंभीर आक्षेप कामगारांचा आहे. पगार, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी थकलेला असताना जमीन बागेला दिली तर आमचे पैसे बुडतील, असे ते म्हणतील. गिरणी कामगारांचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येणार नाही. संपानंतर तीस वर्षांनी, २०१२ साली, त्यांच्या घरांची पहिली सोडत निघाली. तेव्हा हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे की कामगारांचे देणे पहिले. परंतु मैदानासाठी राखलेल्या हिश्श्याचा भार कोणावर पडतो हे, तो हिस्सा केव्हा ठरतो यावर अवलंबून असते. कारखाना बंद पडल्यावर तो ठरवला तर विक्रीची किंमत घटते आणि घट धनको व कामगार यांच्या माथी येते. कारखाना चालू असतानाच तो कायद्याने ठरला असेल, तर बँक कर्ज देतानाच तेवढी जमीन तारणात धरणार नाही. मग कर्जही बेतानेच दिले जाईल, आणि बुडीत कर्जापोटी लोकांचे मैदान विकले जाणार नाही. म्हणून या मागणीची खरी वेळ धुराडे पेटलेले असतानाची आहे.

यातून तीन मागण्या निघतात. पहिली, औद्योगिक जमिनीचा वापर बदलताना तिचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक मोकळी जागा म्हणून विनामूल्य मिळावा आणि तो एकूण जमिनीवर मोजावा. केवळ विकास आराखड्यातील आरक्षणावर विसंबू नये. नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालकाच्या नोटिशीनंतर आरक्षण रद्द होऊ शकते, आणि नगरपरिषदांच्या तिजोऱ्या कोणाला ठाऊक नाहीत? दुसरी, हा हिस्सा सलग असावा, रस्त्याला लागून असावा, आणि त्याला तिकीट नसावे. तिसरी, औद्योगिक महामंडळाचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात, म्हणजे मूळ धनी सार्वजनिक संस्थाच आहे. बंद भूखंड दुसऱ्याच्या नावे करून देताना तिने केवळ हस्तांतरण शुल्क वसूल करून स्वस्थ बसू नये.

सहकारी कारखान्यांच्या बाबतीत तर कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. कारखाना सभासदांचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दरावर तावातावाने बोलले जाते, ते योग्यच आहे. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उठून असा ठराव मांडावा की, कारखान्याच्या आवारातील अमुक एकर गावाच्या मैदानासाठी कायम राहतील आणि ते गहाण टाकले जाणार नाहीत. पहिल्या वर्षी ठराव फेटाळला जाईल, कदाचित दुसऱ्याही वर्षी. परंतु तो इतिवृत्तात नोंदला जाईल, आणि कोणी विरोध केला हेही गावाला कळेल. गिरणगावात लोकांनी मागणी केली तेव्हा नकाशे तयार झाले होते. बारामती-इंदापुरात नकाशा अजून कोरा आहे, आणि तो कोरा आहे तोवरच त्यावर लोकांचे नाव लिहिता येईल.