आपल्या कामाची ओळख आपणच करून द्यावी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



विज्ञान, अभियांत्रिकी किंवा फार्मसी शिकलेल्या आणि भाषेची आवड असलेल्या तरुणांसाठी एक चांगला व्यवसाय आहे. तो म्हणजे स्वतंत्र तांत्रिक लेखक व संपादक. यंत्राची माहितीपुस्तिका, सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका, औषध कारखान्यातील कार्यपद्धती हे सारे कुणीतरी लिहीत असते, कुणीतरी तपासत असते. युरोपात यंत्र विकायचे तर सोबत वापराच्या सूचना देणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा भोसरी-चाकणच्या निर्यातदारालाही ती पुस्तिका लागतेच. काम आहे, प्रश्न एवढाच की ते आपल्यापर्यंत यावे कसे?

आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात कुणी कारखानदार नाही, वशिला लावणारे कुणी नाही. त्यातच स्वतःविषयी बोलणे म्हणजे बढाई, असे आपल्याला वाटते. पण ‘मी उत्तम लिहितो’ ही बढाई झाली. ‘हे पान वाचून पाहा’ हा पुरावा झाला. ज्याच्या ओळखी नाहीत त्याने पुरावा पुढे करावा.

हा पुरावा घरी बसून तयार करता येतो. समजा, मिक्सरच्या माहितीपत्रकात असे वाक्य आहे : ‘उपकरण कार्यान्वित करण्यापूर्वी झाकण योग्य प्रकारे बसविले गेले असल्याची खात्री केली जावी.’ तुम्ही लिहा : ‘आधी झाकण घट्ट बसवा. मगच बटण फिरवा.’ दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवा आणि बदल का केला ते दोन ओळींत सांगा. ज्या भाषेत काम हवे त्या भाषेत असे तीन-चार नमुने करा. मात्र नोकरीत लिहिलेली कंपनीची कागदपत्रे परवानगीशिवाय नमुना म्हणून दाखवू नका. एकाचे गुपित उघड करणाऱ्यावर दुसरा विश्वास ठेवत नाही.

‘सर्व प्रकारचे लेखन करून मिळेल’ अशी पाटी लावू नका. जे शिकलात तेच क्षेत्र धरा. पत्र लिहायचे ते गुणवत्ता किंवा विक्रीपश्चात सेवा विभागाच्या प्रमुखांना लिहा. कारण पुस्तिका न कळल्याच्या तक्रारी त्यांच्याकडेच येतात. पत्र पाच-सहा ओळींचे असावे, सोबत एकच नमुना जोडावा. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नको. संपादकाचे पत्र हाच त्याचा पहिला नमुना असतो. आठवड्याने नम्रपणे फोन करा. दहा पत्रांना उत्तर आले नाही तरी अकरावे लिहा.

कुणी म्हणेल, आता संगणकच क्षणात मसुदा लिहून देतो. खरे आहे. पण वीज बंद केल्याशिवाय उघडू नये असे झाकण कोणते, हे यंत्रापाशी उभे राहूनच पडताळावे लागते. ‘ही पडताळणी मी करतो’ असे पत्रात स्पष्ट लिहा.

आता मोबदल्याविषयी. परीक्षा म्हणून एखादे पान विनामूल्य करून द्या, अख्खी पुस्तिका नको. पाने किती, दुरुस्त्या किती वेळा, मुदत आणि रक्कम हे आधी लेखी ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो आणि हक्क द्यायचे ते लेखीच द्यावे लागतात. म्हणून ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क देईन’ असे करारात घाला. उद्यम नोंदणीही करून ठेवा. तिला शुल्क नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. हक्काचे पैसे मागताना संकोच कशाला?

शेवटी, कारखान्यांत व कार्यालयांत नोकरी करणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे पुस्तिका कोण लिहून घेते, पत्र कोणाच्या नावे पाठवावे, एवढे या मुलामुलींना सांगा. पुढचे त्यांचे काम बोलेल. आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या रविवारी एक नमुना पूर्ण करा.