संदर्भ देण्याचा पाठ आणि त्या पाठाची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाच्या समारंभात परीक्षेविषयी बोलावे हा रिवाजच आहे. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती परीक्षा विद्यार्थ्याची नसून पाठाची आहे. महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी निबंध-प्रबंधांत संदर्भ कसे द्यावेत या विषयावर येत्या सुटीत दीड तासाचा एक पाठ घेण्याचे मंडळाने ठरविले असून त्याची आखणी माझ्याकडे सोपविली आहे. ती आखणी आपणांपुढे ठेवावी एवढाच या बोलण्याचा हेतू.

विषय रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि आपल्यातील कित्येक घरांत प्रबंध लिहिणारे हे पहिलेच मूल आहे, आणि तळटीप म्हणजे काय हे त्याला घरात सांगणारे कोणी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. त्यांनुसार प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. आणि साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. वर्षभर थांबणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी शुल्काचे पैसे उसनवारीने उभे राहतात त्यांना सांगावयास नको. त्यातही दुःखाची गोष्ट ही की, अशा अडचणीत सापडणारी सारीच मुले लबाड नसतात. पुष्कळांना उसने कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते हेच कोणी शिकविलेले नसते.

वस्तुतः ही शिस्त आपल्याकडे परकी नाही. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिताना मूळ आधारावाचून आपण काहीही लिहीत नाही, अशी ग्वाही मल्लिनाथाने आरंभीच दिली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, ते बखरींपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ या निष्ठेने. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तर कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे याची नोंद पानोपानी तळाशी सापडते. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाची कोणतीही चार पाने मुलांनी उघडून पाहावीत. त्यातील टीपाच अर्धे शिक्षण देतील.

आता पाठाच्या परीक्षेकडे वळतो. 'आकारिक मूल्यमापन' हा शब्द येथे बसलेल्या शिक्षकांना परिचित आहे, कदाचित नकोसाही झाला असेल. कारण शाळांतून त्याचे रूपांतर बहुधा नोंदवह्या भरण्यात झाले. मूळ कल्पना मात्र फार साधी आहे. मायकेल स्क्रिव्हन या तत्त्वज्ञाने १९६७ साली हा भेद मांडला, तो विद्यार्थ्यांसंबंधी नव्हे तर अभ्यासक्रमासंबंधी. अभ्यासक्रम तयार होत असतानाच, तो अजून बदलता येईल अशा वेळी, त्याची पारख करणे हे एक. आणि तो पुरा झाल्यावर निवाडा देणे हे दुसरे. पुढे बेंजामिन ब्लूम यांनी ती कल्पना विद्यार्थ्याच्या अध्ययनास लावली. भात चुलीवर असताना गृहिणी शीत चेपून पाहते ते पहिल्या प्रकारचे. पंगतीत जेवणाऱ्याने नाक मुरडले ते दुसऱ्या प्रकारचे. मात्र वर्गात शितावरून भाताची परीक्षा होत नाही, कारण शिक्षक नेमके पहिल्या बाकावरचे शीत चेपतो आणि ते नेहमी शिजलेलेच असते!

म्हणून आमच्या पाठात तीन ठिकाणी थांबावयाचे, आणि प्रत्येक ठिकाणी साऱ्या तीस मुलांचे उत्तर एकाच क्षणी घ्यावयाचे, असे योजिले आहे. संदर्भ हवा असेल तर एक बोट, नको असेल तर दोन, समजले नसेल तर मूठ. शेजाऱ्याचे पाहून हात वर करण्यास अवधी राहू नये.

पहिला थांबा आरंभीच आहे. मुलांना सहा वाक्ये दिली जातील. उदाहरणार्थ, 'केसरी १८८१ साली निघाला' हे सर्वज्ञात आहे, त्यास आधार देण्याची गरज नाही. 'आगरकरांनी १८८८ साली सुधारक काढला' हेही तसेच. पण 'टिळक-आगरकरांच्या दुराव्याचे खरे कारण सुधारणेचा वाद नसून संस्थेतील पैशाचा व्यवहार होता' असे वाक्य आले, तर ते कोणा तरी अभ्यासकाचे मत आहे. ते कोणाचे, कोणत्या पानावरचे, हे सांगितलेच पाहिजे. येथे दहा किंवा अधिक मुले चुकली तर पुढे जावयाचे नाही. दुसरी सहा वाक्ये घेऊन पुन्हा तेच करावयाचे. हा दहाचा आकडा मी आजच लिहून ठेवला आहे. आयत्या वेळी घड्याळाकडे पाहून शिक्षक 'बहुतेकांना समजले' असे स्वतःचे समाधान करून घेतो, आणि मग चाचणी घेतली काय न घेतली काय, सारखेच!

दुसरा थांबा सर्वांत अवघड, आणि दीड तासातील चाळीस मिनिटे मी त्यासाठीच राखली आहेत. चार ओळींचा उतारा वाचावयाचा, कागद पालथा घालावयाचा आणि आशय स्वतःच्या शब्दांत लिहावयाचा. मग शेजाऱ्याने दोन्ही कागद ताडून पाहावयाचे. आपल्या मुलांचा समज असा की शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला. 'दुष्काळामुळे शेतकरी कर्जबाजारी झाला' या वाक्याचे 'अवर्षणामुळे कृषीवल ऋणग्रस्त झाला' असे केले, तर यंत्राने मोजलेले साम्य कदाचित घटेल. पण वाक्याची घडण, विचार आणि क्रम परक्याचाच राहिला, शिवाय मराठीही बिघडली. टक्केवारीच्या धास्तीने ही खोड वाढली आहे असे माझे मत आहे. यथायोग्य उल्लेख करून अवतरणात दिलेला मजकूर आणि ग्रंथसूची त्या मोजणीतून वगळावी असे नियमांतच म्हटले आहे, हे कित्येक मुलांच्या कानी पडलेले नाही. येथे ताडणाऱ्याने 'बरोबर' वा 'चूक' असे लिहावयाचे नाही. ज्या वाक्याची घडण मूळची राहिली त्याखाली रेघ ओढावयाची आणि लिहिणाऱ्याने ते वाक्य तेथल्या तेथे पुन्हा लिहावयाचे. दुरुस्तीला जागा नसेल तर दोष दाखवून उपयोग काय?

तिसरा थांबा शेवटी. संदर्भ हा पत्त्यासारखा आहे. त्यावरून पत्र पोहोचले पाहिजे. प्रत्येकाने एक संदर्भ लिहून शेजाऱ्यास द्यावा आणि त्याने दहा मिनिटांत मंडळाच्या ग्रंथालयातून ते पान काढून दाखवावे. स्वल्पविराम कोठे आणि तिरपे अक्षर कोठे, हे विद्यापीठागणिक बदलते. त्यावर मी फार वेळ घालविणार नाही. मराठी पुस्तकांच्या अडचणी मात्र निराळ्या आहेत. जुन्या ग्रंथावर शक १८४० असेल तर तो इसवी सन १९१८-१९ होय. मुले १८४० लिहून मोकळी होतात. 'कुसुमाग्रज' हे नाव सूचीत तसेच द्यावे की शिरवाडकरांखाली, हेही एकदा ठरवून सर्वत्र पाळावे लागते. याच थांब्यावर चार तयार संदर्भही दिले जातील; त्यांतला एक मुद्दाम बनावट असेल. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे मोठ्या आत्मविश्वासाने देतात. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने २०२३ साली दोन वकिलांना आणि त्यांच्या पेढीला मिळून पाच हजार डॉलरचा दंड केला, तो यंत्राने रचलेले खटले खरे म्हणून सादर केल्यामुळेच. जे वकिलांचे झाले ते बी.ए.च्या मुलाचे सहज होईल.

आता पालकांस एक विनंती. या पाठात गुण नाहीत. घरी आल्यावर 'किती मिळाले?' असे कृपा करून विचारू नका. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांची तशी झाली नाही. आपल्या अनुभवाशीही हे जुळते: आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? 'कोणते वाक्य पुन्हा लिहिलेस?' असे विचारलेत तर मुलाला सांगण्यासारखे काही असेल.

पाठ संपला म्हणजे परीक्षा संपली असे नाही. तिन्ही थांब्यांवरचे कागद नावाविना जपून ठेवावयाचे आहेत. महिन्याभराने यांपैकी ज्या मुलांनी महाविद्यालयात काही लिहून दिले असेल त्यांचे लेखन, त्यांची संमती घेऊन, पाहावयाचे आहे. वर्गात जमले आणि घरी विसरले असे दिसल्यास तो दोष पाठाच्या रचनेचा समजून ती बदलली जाईल, आणि दिवाळीनंतरच्या दुसऱ्या तुकडीस बदललेला पाठ मिळेल. शिकविणाऱ्याला स्वतःचा वर्ग नीट दिसत नाही. यासाठी मागील बाकांवर बसून कोणती मुले मूठ दाखवितात, कोण शेजाऱ्याकडे पाहते, एवढेच टिपून घेणारे दोन निरीक्षक हवे आहेत. शिक्षकी पेशातील अथवा सेवानिवृत्त बंधुभगिनींपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी आपली नावे आजच चिटणिसांकडे नोंदवावीत. ग्रंथालयाच्या किल्ल्या त्या दिवशी कोणाकडे असतील, तेही त्यांनाच विचारून ठेवावे लागेल.