उन्हाचा रोग आणि प्रकाशाचा उपचार



पांढरें मांजर खिडकींत ऊन खात पडलेलें आपण पुष्कळदां पाहतों. परंतु त्याच उन्हांतील अतिनील किरण वर्षानुवर्षें त्याच्या नाकाच्या शेंड्यावर व कानांच्या टोकांवर पडत राहिले, तर तेथें कर्करोग उद्भवूं शकतो. कारण त्या जागीं केस विरळ असतात आणि कातडीस रंगद्रव्याचें संरक्षण नसतें. आरंभीं नुसती लाली दिसते, मग खपली धरते, आणि अखेर न भरणारी जखम होते. घरचीं माणसें म्हणतात, "एखाद्या बोक्यानें ओरबाडलें असेल!" आणि मोलाचा काळ येथेंच हातचा जातो.

मोलाचा म्हणण्याचें कारण असें कीं, या रोगावर प्रकाशाचाच एक उपचार आहे. पण तो वेळीं झाला तरच लागू पडतो.

सन १९०० मध्यें म्युनिक येथील ऑस्कर राब या विद्यार्थ्यानें एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. अ‍ॅक्रिडीन नांवाचें रंगद्रव्य घातलेल्या पाण्यांतील सूक्ष्म जीव अंधारांत बराच वेळ जगत, उजेडांत मात्र लवकर मरत. त्याचे गुरु फॉन टापाइनर यांनीं १९०३ सालीं माणसाच्या त्वचेवरील अर्बुदांवर रंगद्रव्य व प्रकाश यांचा प्रयोग केला. पुढें १९७० नंतर अमेरिकेंत टॉमस डोहर्टी यांनीं ही पद्धति नांवारूपास आणली, आणि पशुवैद्यांनींही ती कुत्र्यामांजरांसाठीं स्वीकारली.

तिची रीत अशी. प्रथम प्रकाशास संवेदनशील असें औषध शिरेंतून टोचतात किंवा मलमाच्या रूपानें लावतात. तें रोगट पेशींत अधिक सांठतें. नंतर जनावरास भूल देऊन त्या जागेवर तांबडा प्रकाश सोडतात. औषध व प्रकाश एकत्र आले म्हणजे पेशींतील प्राणवायु उग्र रूप धारण करतो व त्या पेशींचा नाश करतो.

मात्र हा प्रकाश कातडीखालीं कांहीं मिलिमीटरच पोंचतो. म्हणून लहान व वरवरच्या व्रणांस गुण येतो. खोल गेलेल्या रोगास शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरणांसारखे उपाय शोधावे लागतात. गुण आल्यावरही रोग पुन्हा उलटूं शकतो. शिवाय औषध अंगांत असेतों रुग्णास उन्हापासून जपावें लागतें. कुत्र्यांच्या त्वचेवरील व तोंडांतील कांहीं अर्बुदांवरही हा उपचार करतात. तेथेंही हीच मर्यादा आहे.

ही सोय सर्वत्र नाहीं. परंतु लक्ष ठेवणें प्रत्येक घराच्या हातीं आहे. पांढऱ्या मांजरास दुपारच्या उन्हांत बसूं देऊं नये. नाकावरची वा कानावरची खपली दोन आठवड्यांत भरून आली नाहीं, तर घरगुती मलमावर विसंबून न राहतां पशुवैद्यास दाखवावें व त्या जागेचा तुकडा तपासून घ्यावा. मुक्या जिवाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें आपणच पाहावयाचें असतें.