मैदानाबाहेर बसल्या बसल्या



तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आल्या की शाळेच्या मुलांबरोबर आपल्यापैकी काहीजणी निघतात. पोरगी खो-खोच्या संघात, सामना साडेदहाला सांगितलेला, उभा राहतो दीडला. नवोदयची परीक्षा 2 तासांची. शिष्यवृत्तीचे 2 पेपर, दीड-दीड तासाचे, आणि मध्ये सुट्टी. गेटवर सोडलेलं लेकरू बाहेर येईपर्यंत दिवस कलतो. तोवर आपण कुंपणाच्या कडेला लिंबाखाली बसतो, पिशवी मांडीवर घेऊन.

या वेळात काय करावं म्हटलं की बाया म्हणतात, लसूण सोलायला आणू, शेंगा फोडायला आणू. आणा बापड्यांनो. पण लसूण घरीही सोलता येतो. पैशाचा कागद घरी उघडून बसलं की कुणाला चहा हवा असतो, कुणाचं दप्तर सापडत नाही. इथं तसं कुणी हाक मारत नाही. म्हणून माझं सांगणं, पिशवीत आपलं बँकेचं पासबुक टाकून आणा.

स्पर्धा कामाच्या दिवशी असेल तर एंट्री मारून घ्या. सगळ्यांनी एकदम उठू नका. दोघींनी मुलांजवळ थांबावं, दोघींनी सगळ्यांची पासबुकं घेऊन बँकेत जावं, पुढच्या खेपेला पाळी बदलावी. गटात आपण पाळ्या लावतोच की. मात्र आपल्या लेकराचा सामना लागला तर बँक राहू द्या. तेवढ्यासाठी तर आलोय. परीक्षा रविवारी असेल तर बँक बंद. मग आधी छापलेली पानं वाचायची.

काय वाचायचं? मेअखेर-जूनच्या सुरुवातीच्या ओळी काढा. तिथं 20 रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता असतो. 436 रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा योजनेचा. पासबुकात ही नावं इंग्रजी आद्याक्षरांत येतात, पीएमएसबीवाय आणि पीएमजेजेबीवाय. आठवीतली पोर चटकन वाचून देईल.

खातं उघडताना पुढे केलेल्या कागदांवर आपण सह्या केल्या, त्यात हे फॉर्मही असू शकतात. पैसे दरवर्षी जातात, पण विमा आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. आणि माहीत नसेल तर मागायला जाणार कोण?

20 रुपयांचा विमा अपघाताचा. 18 ते 70 वयापर्यंत मिळतो. अपघातात मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर 1 लाख. विहिरीवर, रस्त्यावर, मळणी यंत्रावर काम करणाऱ्या बाईला हे किती जवळचं आहे ते मी सांगायला नको. 436 रुपयांचा विमा आयुष्याचा. त्यात 18 ते 50 वयात नाव नोंदवता येतं, हप्ता भरत राहिलं तर 55 पर्यंत चालतो आणि मृत्यू आजारानं झाला तरी 2 लाख मिळतात.

दोन बँकांत खाती असतील तर दोन्ही पासबुकं बघा. एकच विमा दोन्हीकडून कापला जात असेल तरी भरपाई एकाचीच मिळते, दुसरा हप्ता वाया जातो. एकीकडचा बंद करायचा अर्ज बँकेत द्या.

मग वारसाचं नाव. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लग्नाआधीच्या खात्यावर वडिलांचं नाव राहून जातं. कुणाचं तर वारलेल्या सासूबाईंचं. ओळखीच्या चारजणी बसल्यात, एकमेकींना विचारा, तुझ्या खात्याला वारस कोण? उत्तर आलं नाही तर बँकेत विचारायचं आणि नाव बदलायचा फॉर्म भरायचा. मग घरातल्या मोठ्या मुलीला किंवा मुलाला सांगून ठेवायचं, की माझा विमा या बँकेत आहे आणि पासबुक अमुक डब्यात असतं.

एवढं झालं आणि पाठ टेकावीशी वाटली तर खुशाल टेका. त्यालाही घरी सवड नसतेच.

आणि हो, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात खातं अगदी रिकामं करू नका. दोन्ही विमे असतील तर 456 रुपये तरी शिल्लक हवेत. हप्ता कापला गेला नाही तर विमा थांबतो.