पोचमपल्लीची हाडे आणि त्यांचे नाव



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, वेतनमंडळ नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती रास्त आहे. आज मात्र आम्ही प्राण्यांविषयी बोलणार आहोत, आणि तेही कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांविषयी. प्रश्न असा आहे : पूर्वी कोणालाही ठाऊक नसलेला एखादा प्राणी सापडला, तर तो नवा आहे हे कोण ठरवते, त्याला नाव कोण देते, आणि ज्याच्या हाताला तो प्रथम लागला त्याचा त्या नावात वाटा किती?

आमचे शालेय शिक्षण थोडके. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे आम्हांस ओढले ते कोळशाच्या खाणीने. खाणीत छताचा दगड सुटून पडतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटात पानाचा ठसा दिसतो. मधली शीर ठळक, बाजूला बारीक जाळी, आणि आकार जिभेसारखा. जुन्या कामगाराला हा ठसा चांगला ओळखीचा असतो. त्याला नाव काय म्हणून विचारले तर तो म्हणेल, ‘पान आहे, दुसरे काय!’ या पानाला ब्रोंन्यार नावाच्या फ्रेंच पंडिताने १८२८ साली ‘ग्लॉसॉप्टेरिस’ म्हणजे जिभेसारखे नेचे असे नाव दिले. आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या थरांत आहे त्यांना भूशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ थर म्हणतात. हे नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील मेडलिकट यांनी १८७२ साली योजले, आणि पुढे १८८५ साली झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडालाच ते दिले. गोंडांच्या भूमीचे नाव असे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवापर्यंत गेले. आपले चांदा शहर गोंड राजांची राजधानी होते. त्या परकोटाच्या सावलीत राहणाऱ्या किती घरांत ही गोष्ट ठाऊक असेल, याचा श्रोत्यांनीच विचार करावा.

आता नाव देण्याची रीत पाहू. प्राण्यांच्या नावांचा कारभार लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजला जातो. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव : पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. परंतु नुसते नाव उच्चारून काही होत नाही. त्याचे वर्णन छापून प्रसिद्ध करावे लागते. तो इतरांहून कशात वेगळा हे दाखवावे लागते. आणि एक मूळ नमुना निश्चित करून तो संग्रहालयात, पुढच्या कोणालाही तपासता येईल असा, ठेवावा लागतो. आम्हांला हे प्रकरण हजेरीपटासारखे वाटते. माणूस दिवसभर राबला तरी हजेरीपटावर नाव नसेल तर कचेरीच्या लेखी तो आलाच नाही. प्राणीही तसाच. शिवाय येथे सेवाज्येष्ठतेचा नियम आहे. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावे दिली तर सामान्यतः आधी छापलेले नाव टिकते, मग नंतरचा पंडित कितीही मोठा असो. हा नियम काही कारखान्यांत पाळला जाता तर आमचे निम्मे खटले वाचले असते!

हे काम किती बारकाईचे असते त्याचे उदाहरण म्हणून समुद्रकाकडी घ्या. समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीच्या आकाराचा, मऊ अंगाचा हा प्राणी तारामाशाच्या गोतातला. जगात याच्या सतराशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि अजून नव्या सापडतात. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये घातला की हा आक्रसतो, त्याचा रंग जातो. मग एक जात दुसरीपासून ओळखायची कशी? त्याच्या कातडीत चुन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. कातडीचा तुकडा कपडे पांढरे करण्याच्या द्रावणात विरघळवला की हे कण तळाशी उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात : काही सच्छिद्र बटणासारखे, काही पायांच्या मेजासारखे, काही नांगरासारखे, काही चाकासारखे. या कणांच्या आकारावरून जात ठरते. म्हणजे जाळे ओढणारा कोळी जो प्राणी रोज पाहतो तो नवा की जुना हे डोळ्यांना न दिसणारी धूळ सांगते. जाळे ओढणारा नसेल तर ती धूळ प्रयोगशाळेत पोचणार कशी, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्या जंगलात समुद्र नाही. परंतु येथे सापडलेल्या एका प्राण्याची गोष्ट साऱ्या जगाच्या पुस्तकांत आहे, आणि तिच्यासाठी येथून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेस, सिरोंच्याला जावे लागते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. तेथल्या चुनखडकातले मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच विलायतेत पोचले होते. एगर्टन यांनी त्यांतल्या एकाचे वर्णन १८५१ साली केले आणि त्याच्या नावात ‘दख्खन’ आला. भूशास्त्रात त्या थरांना आजही ‘कोटा’ थर म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या मांगलीच्या दगडातून नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या संग्रहात आलेल्या एका बेडूकवर्गीय प्राण्याच्या कवटीचे नामकरणही त्याच सुमारास लंडनला रिचर्ड ओवेन यांनी केले. त्या काळी वस्तू येथली आणि नाव तिकडचे, असाच शिरस्ता होता.

स्वातंत्र्यानंतर हा शिरस्ता मोडला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने हे काम हाती घेतले. आकडेमोड करणाऱ्या संस्थेने हाडे खणावीत याचे नवल वाटेल. परंतु तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांची दृष्टी मोठी होती. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन या विदुषींना बोलावले आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात शोध सुरू झाला. १९५८ साली सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ पहिली हाडे मिळाली. १९६० साली आणखी मिळाली, आणि १९६१ साली तर खजिनाच उघडला. सुमारे २७६ चौरस मीटर जागेत तीनशेच्या आसपास हाडे, निदान सहा प्राण्यांची, आणि त्यांत मिसळलेले दगड झालेले वृक्षांचे मोठमोठे बुंधे! मांडीचे एक हाड १.७ मीटर लांब भरले. या सभागृहातल्या पुष्कळांच्या उंचीहून ते अधिक आहे.

हा प्राणी होता लांब मानेचा, चार पायांवर चालणारा, पाला खाणारा डायनोसॉर. लांबी अंदाजे चौदा मीटर. या जातीच्या अजस्र प्राण्यांत तो फार प्राचीन, म्हणजे ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धातला. पुढे ज्या राक्षसी प्राण्यांनी पृथ्वी व्यापली त्यांची घडण सुरुवातीला कशी होती, हे या हाडांवरून कळते. म्हणून परदेशच्या पंडितांनाही पोचमपल्लीची दखल घ्यावी लागते.

नाव १९७५ साली मिळाले. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधरी आणि शंकर चटर्जी या चौघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात वर्णन छापले : ‘बारापासॉरस टागोरी’. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय; आपल्या ‘पाय’ शब्दाची सख्खी बहीण. आणि १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून ‘टागोरी’. कमरेचे एकमेकांस जुळलेले मणके हा मूळ नमुना ठरला. सर्व हाडांचे सविस्तर वर्णन शाश्वती बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. पहिले हाड ते पूर्ण वर्णन, यांत बावन्न वर्षे गेली. एवढ्या काळात त्या गावाचा पत्ता किती वेळा बदलला पाहा : हाड प्रथम दिसले तेव्हा ते मुंबई राज्यात होते, खणले तेव्हा महाराष्ट्राच्या चांदा जिल्ह्यात, नाव मिळाले तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आणि १९८२ पासून ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही.

कोटा थरांनी आणखीही नावे दिली. नदीपलीकडे यामनपल्लीला सापडलेल्या दुसऱ्या लांबमान्या डायनोसॉरला यादगिरी यांनी १९८८ साली ‘कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस’ म्हटले. उंदराएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दातच तेवढे मिळाले. त्याला १९८१ साली ‘कोटाथेरियम हाल्डेनी’ हे नाव पडले, कारण इंग्लंड सोडून भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्याच सांख्यिकी संस्थेत काम करीत असत. आणखी एकाच्या नावात प्राणहिता आहे. कोट्याचे नाव लागले, नदीचे लागले, यामनपल्लीचे लागले. पोचमपल्लीचे तेवढे राहून गेले. रवींद्रनाथांविषयी आमची तक्रार असण्याचे कारण नाही. त्यांच्या नावाने आमच्या जंगलाचा मानच वाढला.

आमचे म्हणणे निराळे आहे. तीनशे हाडे चार शास्त्रज्ञांच्या आठ हातांनी निघत नाहीत. मातीचा थर काढावा लागतो. हाड दिसू लागले की सब्बल बाजूला ठेवून सुरी आणि ब्रश घ्यावा लागतो. प्रत्येक हाडाला क्रमांक देऊन जागेचा नकाशा करावा लागतो. मग गोणपाट प्लास्टरमध्ये भिजवून त्यावर लपेटावे लागते आणि ते धूड जंगलातून गाडीपर्यंत वाहून न्यावे लागते. जिकडे तिकडे असे खोदकाम गावातल्या रोजंदारीच्या माणसांवर चालते. विद्वत्तेचा मान विद्वानांचा आहे. हाड पाहून प्राणी सांगणे हे आयुष्य खर्चून मिळवलेले ज्ञान आहे आणि त्याची कोणी टिंगल करू नये. परंतु हाताचे कामही ज्ञानाचाच भाग आहे. ठिसूळ हाडाला किती जोर सोसेल हे हात जाणतो.

बेल्जममधील बेर्निसार येथे १८७८ साली कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोलीवर कामगारांना काही चकाकणारे लागले. सोने भरलेला वृक्षाचा बुंधा असावा असे वाटले. ती निघाली इग्वानोडॉन नावाच्या डायनोसॉरची हाडे, आणि चकाकी होती लोहमाक्षिकाची. तीसच्या वर सांगाडे निघाले आणि आज ते ब्रुसेल्सच्या संग्रहालयात उभे आहेत. प्राण्याच्या नावात बेर्निसार गाव आले. त्याहून विशेष म्हणजे ज्यांच्या हाताला हाडे प्रथम लागली त्या ज्यूल क्रेतर आणि अल्फाँस ब्लांशार या दोन खाणकामगारांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी जे बेल्जममध्ये झाले ते चंद्रपुरात अशक्य का समजावे?

बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्यात सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे, कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. तो तेथे जपला गेला म्हणून आहे, हेही मान्य केले पाहिजे. मूळ हाडे परत मागावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु आजकाल कोणत्याही हाडाची हुबेहूब प्रतिकृती करता येते. मांडीच्या त्या एका हाडाची प्रतिकृती सिरोंच्याच्या शाळेत, दुसरी येथे चंद्रपुरात, आणि खाली तेलुगू, गोंडी आणि मराठी या तीन भाषांत दोन ओळी, एवढ्याला फार मोठा निधी लागत नाही. सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेल्या वृक्षांचे उद्यान वनखात्याने केले आहे. तेथपर्यंत शाळांच्या सहली जाव्यात.

दुसरी मागणी नोंदवहीची. पुढे जेथे जेथे खोदकाम होईल तेथे रोजंदारीवरच्या प्रत्येक माणसाचे नाव आणि पहिला तुकडा कोणी दाखवला त्याचे नाव वहीत असावे, आणि ती वही हाडांबरोबर संग्रहालयात जावी. अशा जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने एका कायद्याचा मसुदा २०२२ साली लोकांपुढे ठेवला होता. त्यात सारे अधिकार एकाच खात्याकडे जातात म्हणून अभ्यासकांनी हरकती घेतल्या. गावाचा आणि मजुराचा प्रश्न त्या चर्चेत आला पाहिजे.

आणि हा केवळ मानापानाचा मामला समजू नये. रस्त्याची खडी फोडणारा, मुरूम काढणारा, तळे खोदणारा, गुरे राखणारा, यांच्या नजरेला दगड आधी पडतो. त्याला ठाऊक नसेल तर दगड खडीत जातो. म्हणून सभासदांना आम्ही सांगत असतो की हाडासारखा, दातासारखा किंवा पानाचा ठसा असलेला दगड दिसला तर तो उपटून घरी नेऊ नये. तो होता त्या जागी राहू द्यावा, शेजारी खूण करावी, पट्टी किंवा विडीची पेटी ठेवून फोटो घ्यावा, जागा लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा वनखात्याला कळवावे. जागेवरून हललेल्या हाडाचे निम्मे मोल जाते, कारण ते कोणत्या थरातले हे मग सांगता येत नाही.

बारापासॉरसची पाठ, कंबर आणि पाय मिळाले. कवटी मिळाली नाही. चमच्यासारखे तीन दात तेवढे हाती आले. डोके कसे होते याचा या दातांवरून आणि इतर देशांतल्या त्याच्या आप्तांवरून अंदाज बांधावा लागतो. पावलांची बहुतेक हाडेही नाहीत. ती पुरात वाहून गेली असतील, किंवा प्राणहितेच्या काठी मातीखाली असतील. कोणाला काही विचारायचे असल्यास आम्ही थांबलो आहोत.